एकाच मॅचचे दोन निकाल

लुडविग्सहाफेनच्या एका लहानशा तपासणी-प्रयोगशाळेत सुनेत्रा देवस्थळी अठरा वर्षं काम करते. तिनं तपासलेला नमुना पुन्हा तपासायला लागत नाही, असं तिथले जर्मन म्हणतात, आणि त्यांनी असं म्हणणं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे. मूळची मिरजेची, वय एकावन्न, अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. घरी मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तारखा. नवरा श्रीधर पलीकडच्या मानहाइमला गिअरबॉक्सच्या कंपनीत आहे. तो तिला चिडवायचा, "माझ्या पाठीवरही बॅच नंबर टाकून ठेवलायस का बघ."

या काटेकोर बाईच्या आयुष्यात एकच चैन होती, आणि ती म्हणजे बेसबॉल. खराखुरा नव्हे, खरा बेसबॉल तिनं उभ्या जन्मात मैदानात पाहिलेला नाही. हॅनोव्हरला डॉक्टरेट करताना तिच्या संशोधन गटात वॉल्टर नावाचा एक अमेरिकन होता. तो पत्ते आणि फासे घेऊन टेबलावर बेसबॉलची मॅच खेळायचा. प्रत्येक खेळाडूचा एक पत्ता. फासे टाकायचे, पत्त्यावर पाहायचं, फटका लागला की बाद झाला ते ठरायचं. वॉल्टर मायदेशी परतला, पण सुनेत्रासकट तिथल्या सहा मराठी मुलामुलींना खूळ लावून गेला. त्यांनी स्वतःचे पत्ते केले, स्वतःचे खेळाडू जन्माला घातले. सुनेत्राच्या 'लवंगी मिरची' संघात चेंडू फेकायला सांगलीच्या मेसच्या काकू होत्या, आणि चेंडू मैदानाबाहेर टोलवून होमरन मारायला जुन्या इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर हेर क्नोब्लाउख.

नोकऱ्यांमुळे सहाजण सहा गावांना पांगले, तरी लीग चालूच राहिली. नियम सोपा होता. पाहुण्या संघाच्या माणसानं शनिवारी आपल्या सूचना पाठवायच्या, म्हणजे कोण फेकणार, कोणाला कधी बदलायचं वगैरे. यजमानानं रविवारी सकाळी आपल्या घरी एकट्यानं मॅच खेळायची, दोघांच्याही बाजूनं, आणि स्कोअरशीटचा फोटो ग्रुपवर टाकायचा. तपासायला कोणी नाही. सगळा मामला विश्वासाचा. वीस वर्षांत कोणी त्याला बट्टा लावला नव्हता.

एकविसाव्या सीझनमधला एप्रिलचा तो रविवार. आदल्या दिवशी सहाजणांतल्या वैभवीच्या सूचना आल्या होत्या. सुनेत्रा पावणेसहाला उठली, एवढं तिला आठवतं. त्यानंतर एकदम आठवतं ते असं, की ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी आहे, उजव्या मुठीत दोन फासे आहेत, आणि दूध करपल्याचा वास येतोय.

तिनं आधी शेगडी पाहिली. शेगडी थंड. दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये. टेबलावर चहाचा कप होता, त्यावर साय धरलेली. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

टेबलावर स्कोअरशीट पडलं होतं, पूर्ण भरलेलं. नऊच्या नऊ डाव. लवंगी मिरची तीन, वैभवीचा संघ पाच. समासात प्रत्येक डावाची वेळ लिहिलेली, प्रयोगशाळेच्या सवयीनं ती लिहायची तशीच: सहा-बारा, सहा-अठरा, सहा-पंचवीस. अक्षर तिचं. सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ, तीही तिचीच.

यातला एकही डाव तिला आठवत नव्हता.

तिनं आधी दाराची कडी पाहिली. मग ईप्सिताच्या खोलीत डोकावली. पंधरा वर्षांची लेक पांघरुणाचा गोळा करून झोपली होती. श्रीधर घोरत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. मोबाईल उघडला, तर सहा अठ्ठावन्नला तिनंच ग्रुपवर फोटो टाकलेला. खाली वैभवीनं नाचणाऱ्या बाहुल्याचं चित्र टाकलेलं.

सुनेत्रा खुर्चीवर बसली. पाय गार पडले होते. कोणीतरी आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, आपल्या टेबलावर तासभर बसून गेलं, आणि ते कोणीतरी आपणच होतो, हे तिला कसं गिळावं ते कळेना.

तेवढ्यात ईप्सिता डोळे चोळत आली. आईचा चेहरा बघून थबकली. "मम्मा? अलेस गूट?"

"हो गं, सगळं ठीक. झोप नीट नाही झाली." आयुष्यात पहिल्यांदाच ती लेकीशी इतक्या सहज खोटं बोलली.

ती इतकी का घाबरली, ते कळायला तिचे वडील अण्णा माहीत हवेत. अण्णा मिरजेला भूमापन खात्यात नकाशे काढायचे. हात असा स्थिर, की पाहणारा श्वास रोखून धरायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते विचारायला लागले, "आज वार कुठला?" उत्तर दिलं की पाच मिनिटांनी पुन्हा, "आज वार कुठला?" सुनेत्रा तेव्हा हॅनोव्हरला होती. दर रविवारी फोनवर तिला अण्णांचा आणखी थोडा भाग गेलेला कळायचा. आधी तिचं गाव गेलं, मग तिचं नाव, मग ती. आठ वर्षं ते तसे होते. तिच्या मनात तेव्हापासून एक खोली बंद होती, आणि त्या रविवारी सकाळी तिचं दार आतून कोणीतरी लोटलं.

तिनं कोणाला सांगितलं नाही. स्वतःची परीक्षा मात्र रोज घेऊ लागली. ट्रॅममध्ये बसून मूलद्रव्यं क्रमानं म्हणायची. शाळेतल्या मैत्रिणींचे जुने फोन नंबर आठवायची. सगळं चोख येत होतं. तीन आठवडे नीट गेले की वाटायचं, थकवा असेल, पाळी जायचं वय आहे, होतं असं. मग मे महिन्यात पुन्हा एकदा तो करपल्या दुधाचा वास आला, आणि तासाभराची सकाळ, एका पूर्ण मॅचसकट, कुणी कात्रीनं कापून न्यावी तशी गेली.

त्यानंतर तिनं गाडी चालवणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाली. शनिवारी ईप्सिताला व्हायोलिनच्या क्लासला सोडायला ती जायची. महामार्गावर, लेक शेजारी, आणि आपण तिथे नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिनं किल्ली श्रीधरकडे देऊन टाकली. प्रयोगशाळेत तिनं प्रत्येक अहवालावर सहकाऱ्याचीही सही घ्यायला सुरुवात केली. तो म्हणाला, "तुझं काम मी काय तपासणार?" ती म्हणाली, "तरीपण तपास." तो हसला. तिला हसू आलं नाही.

जूनमध्ये पुष्करशी मॅच होती. पुष्कर हॅनोव्हरलाच राहिलेला, विद्यापीठात शिकवणारा, सहाजणांत सर्वांत जुना दोस्त. तिच्या लग्नात तिच्या बाजूनं उभा राहिलेला एकटा तोच, कारण भारतातून कोणी येऊ शकलं नव्हतं. त्या रविवारी ती दात घासताना आरशात स्वतःकडे पाहत होती. उशीर झालासा वाटला. स्वयंपाकघरात आली, पेटीतून पत्ते काढले, नवं शीट घेतलं, आणि मन लावून खेळली. त्या दिवशी मेसच्या काकूंनी कमाल केली. सहा-एक. तिनं फोटो काढला, ग्रुप न उघडता कॅमेऱ्यातूनच धाडला, आणि किती दिवसांनी तिला हलकं वाटलं.

दहा मिनिटांत पुष्करचा फोन.

"सुनेत्रा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? हरलास. हरलं की असंच वाटतं."

"मी सकाळी जिंकलोय. सात वाजून दहा मिनिटांनी तूच शीट टाकलंयस. नऊ-दोन. आता हे सहा-एक कुठून आलं?"

फोन कानाला धरून तिनं फाईल उघडली. सगळ्यात वर एक शीट होतं, भोकं पाडून व्यवस्थित लावलेलं. नऊ-दोन. समासात वेळा. त्या सकाळी ती खेळली होती, हरली होती, पत्ते पेटीत रचले होते, शीट फाईलला लावलं होतं, आणि मग दात घासायला गेली होती.

"सुनेत्रा? ऐकतेयस ना?"

खरं सांगायला तोंड उघडलं, तर आतून अण्णांचा आवाज येईल असं तिला वाटलं. एकदा बोललं की ते खरं होणार. पुष्कर बाकीच्यांना सांगणार, श्रीधरला कळणार, ईप्सिता तिच्याकडे जपून बघायला लागणार. ती म्हणाली, "मला हरायचं नव्हतं."

"म्हणजे तू पुन्हा खेळलीस? जिंकेपर्यंत?"

"हो."

"एकवीस वर्षं, सुनेत्रा. फाशांसाठी?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग आजवरच्या सगळ्या शीटांचं मी काय समजायचं?"

त्यानं फोन ठेवला. दुपारपर्यंत ग्रुप गप्प झाला. एरवी आंब्यांचे आणि मुलांचे फोटो वाहत असायचे, तिथे आठवडाभर कोणी काही लिहिलं नाही. सुनेत्रा लबाड ठरली, आणि खरं सांगायचं तर तिला थोडं बरं वाटलं. लबाड माणसाचं डोकं निदान जागेवर असतं.

सहाजणांतल्या एकट्या कौमुदीला हे पटलं नाही. कौमुदी हेर्त्सोगेनआउराखला असते, बुटांच्या कंपनीच्या डिझाईन विभागात, आणि तिला गप्प बसता येत नाही. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "सहावीत परीक्षकांनी जास्त दिलेला अर्धा मार्क तू परत केला होतास, हे तुझ्या आईनं मला सांगितलंय. तू लबाडी करणार? मी येतेय."

"नको येऊस. घरी पसारा आहे."

"तुझ्या घरी? पसारा? आता तर नक्कीच येते."

जुलैच्या पहिल्या शनिवारी ती बसनं एर्लांगेनला आणि तिथून गाड्या बदलत संध्याकाळी येऊन थडकली. जेवताना श्रीधरशी गप्पा मारल्या, ईप्सिताचं व्हायोलिन ऐकलं, मॅचचा विषय काढला नाही. फक्त झोपायला जाताना म्हणाली, "उद्या किती वाजता खेळतेस? मी बसते शेजारी. बोलणार नाही."

नाही म्हणायला सुनेत्राला कारण सापडलं नाही. ती अंथरुणावर पडली आणि मनातल्या मनात विनवत राहिली, उद्या नको, उद्याचा एक दिवस नको.

सकाळी तिनं डोळे उघडले. खिडकीवर ऊन होतं. आणि मग ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर होती, समोर कौमुदी होती, आणि कौमुदीनं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले होते. कौमुदीचे डोळे लाल झालेले.

"कौमुदी," सुनेत्रानं हळूच विचारलं, "तू रडतेस का?"

"आज कोण आहे तुझ्याशी मॅचला? सांग."

"निहार."

"मी कधी आले?"

"काल संध्याकाळी. असं काय विचारतेस?"

कौमुदीनं दीर्घ श्वास सोडला. "आलीस परत," ती म्हणाली, आणि मग खरोखरच रडू लागली.

काय घडलं ते तिनं हळूहळू सांगितलं. सुनेत्रा सहाला आली, पत्ते मांडले, फासे टाकले, शीट भरलं. सगळं बरोबर. पण तिनं मान वर करून कौमुदीला पाहिलं आणि विचारलं, "अगं, तू कधी आलीस?" कौमुदीला थट्टा वाटली. ती म्हणाली, काल. सुनेत्रानं पुढचा डाव खेळला, मान वर केली. "अगं, तू कधी आलीस?" मधूनच ती काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलवत होती.

"किती वेळा विचारलं मी?"

"चौदापर्यंत मोजले. मग मोजवेना." कौमुदीनं नाक पुसलं. "दर वेळी इतकी आनंदायचीस, सुनेत्रा. दर वेळी नव्यानं."

चौदा वेळा. अण्णांचा वार आणि आपली कौमुदी. सुनेत्रा उठून खिडकीशी गेली, खालचं पार्किंग, त्यांची गाडी, शेजाऱ्यांची कुंड्यांतली जिरॅनियम सगळं पाहून घेतलं, जणू उद्या ते काढून नेणार होते.

"श्रीधरला सांगायचं," कौमुदी म्हणाली. "आत्ता. मी आहे इथे."

श्रीधर चहाचा कप हातात धरून सगळं ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, "एप्रिलपासून? आणि मला गुडघा सांगितलास?" मग तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि उठलाच नाही, दुपार होईपर्यंत.

घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'तातडीचं' असा शेरा मारला, तरी मेंदूच्या तज्ज्ञांच्या भेटीचा टर्मिन मिळाला पाच आठवड्यांनी. ते पाच आठवडे सुनेत्राच्या आयुष्यातले सर्वांत लांब. कंपनीच्या डॉक्टरांनी तिला प्रयोगशाळेतून हलवून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. तिनं एक वही केली. पासवर्ड, ईप्सिताच्या लशी, श्रीधरला न चालणारी औषधं, सासूबाईंना कोणत्या वारी फोन करायचा. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं लेकीला पत्र लिहायला घेतलं, आणि दोन ओळींवर थांबली, कारण ईप्सिताला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. पहाटे जाग आली की ती डोळे मिटूनच पडून राहायची. उघडले तर मधली सकाळ गेलेली असेल, या भीतीनं.

ईप्सिताला काय ते कळलं होतं. एक दिवस ती बाथरूमच्या दारात उभी राहून आईला दात घासताना पाहत होती. सुनेत्रानं विचारलं, "काय गं?" ती जर्मनमध्ये म्हणाली, "काही नाही. बघतेय." नजर तीच, जिची सुनेत्राला धास्ती होती. जपून बघणारी.

कौमुदीनं बजावलं होतं, "या सीझनची सगळी स्कोअरशीटं घेऊन जा." श्रीधरला ते विचित्र वाटलं, पण कौमुदीच स्वतः आली, काय पाहिलं ते डॉक्टरांना सांगायला, तेव्हा फाईलही आली. तज्ज्ञ म्हणजे साठीच्या, आखूड केसांच्या एक बाई. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी फाईल चाळली, चष्मा वर केला, आणि विचारलं, "या वेळा तुम्ही प्रत्येक वेळी लिहिता?"

"प्रत्येक डावाला. आणि शेवटच्या रकान्यात खेळाडू का बदलला त्याचं कारण."

"गेनाऊ, बरोबर. आणि या चार दिवशी कारणाचा रकाना कोरा आहे." त्यांनी चार शीटं बाजूला काढली. "बाकी बारा दिवस भरलेला. चारही वेळा उठल्याउठल्या. साधारण तासभर. मधले दिवस तुम्ही अगदी शाबूत. वास येतो कसला?"

"करपलेल्या दुधाचा," सुनेत्रा दचकून म्हणाली. तो तिनं श्रीधरलाही सांगितला नव्हता.

मग त्यांनी कौमुदीला ओठांबद्दल विचारलं, आणि कौमुदीनं करून दाखवलं. त्यानंतर तपासण्या झाल्या. डोक्याला तारा लावून झोपेतला आलेख काढला, मेंदूचे फोटो काढले. ऑगस्टच्या अखेरीस त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, सुनेत्रा श्रीधरच्या बोटांत बोटं अडकवून बसली होती.

"हा तुमच्या वडिलांचा आजार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हा अपस्माराचा एक प्रकार आहे. झटका येतो, पण माणूस पडत नाही. तेवढा वेळ आठवणी नोंदल्या जात नाहीत. लहानशा गोळीनं बहुतेकांचे झटके थांबतात."

"वडिलांचा नाही?" सुनेत्रानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे अण्णांचा... माझ्या वडिलांचा नाही?"

"नाही."

"नक्की नाही ना?" आणि हे विचारताच ती पांढरीफटक पडली. तिनं तिसऱ्यांदा विचारलं होतं. तिनं श्रीधरचा हात आवळला. "मी परत तेच विचारलं. आत्ता चालूय का ते?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "आल्झो, हे पाहा, या खुर्चीवर बसलेलं प्रत्येक माणूस तीनदा विचारतं. ती साधी भीती आहे. तिला माझ्याकडे गोळी नाही."

गोळी सुरू झाली. वर्षभर गाडी चालवायची नाही, उंचावर चढायचं नाही, प्रयोगशाळेत एकटीनं राहायचं नाही. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, करपल्या दुधाचा वास आला नाही. सगळंच भरून आलं असंही नाही. एकदा जेवताना श्रीधर आणि ईप्सिता नॉर्वेच्या सहलीबद्दल बोलत होते, दोन वर्षांपूर्वीच्या, आणि सुनेत्राला कळलं की ती सहल आपल्यापाशी नाही. फोटोंत ती होती, पिवळा रेनकोट घालून हसत होती. त्या रेनकोटातल्या बाईला काय दिसत होतं, ते तिला कधीच कळणार नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, या आजारात असे तुकडे जातात, परत येतील असं सांगता येत नाही.

पुष्करला तिनं स्वतः फोन केला. बोलायचं आधी कागदावर लिहून काढलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत. पुष्करनं सगळं ऐकून घेतलं.

"मला लबाड वाटलीस तर चालेल, पण आजारी वाटता कामा नये? हे कुठलं शहाणपण?"

"घाबरले होते रे."

"अजून आहेस?"

"आहे."

"मग कुठली मॅच धरायची? नऊ-दोन की सहा-एक?"

"पहिली. ती मीच खेळले होते."

"बरं, बरं, मान्य," पुष्कर म्हणाला, आणि तिकडे त्यानं नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला.

लवंगी मिरची त्या सीझनमध्ये सहांत पाचवी आली. डिसेंबरात सगळे पुष्करकडे जमले. जेवणं झाल्यावर त्यानं नवा नियम मांडला: यापुढे यजमानानं खेळताना पाहुण्याला फोनवर घ्यायचं, पूर्ण मॅचभर. सुनेत्रानं हात वर करून विरोध केला. "माझ्यासाठी नियम बदलू नका. मला सांभाळून घेतलेलं नकोय."

"तुझ्यासाठी नाही," कौमुदी म्हणाली. "रविवारी सकाळी मलाही घरात बोलायला कोणी नसतं."

पाच विरुद्ध एक. नियम झाला.

आता रविवारी सहाला तिच्या स्वयंपाकघरात कोणाचा ना कोणाचा आवाज असतो. निहार डुलक्या काढतो, वैभवी कांदे चिरते, पुष्कर प्रत्येक फाशावर वाद घालतो. पण त्याआधीची, जाग आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं अजून तिची एकटीची आहेत. ती अंथरुणात निपचित पडते आणि हवेचा वास घेते. वार आठवते, काल काय जेवलो ते आठवते. सगळं जुळलं की पाय जमिनीला टेकवते. फरशी गार लागते, ते तिला बरं वाटतं.